अपर कखडीचे शेत

"मावशी, तुझा सह्याद्री आलाय बघ गेममध्ये."

भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर नकाशांची लांबलचक यादी होती आणि तिच्यात एक नाव होते 'सह्याद्री ब्यूट्स'. पाच खेळाडूंसाठीचा नकाशा. ब्यूट म्हणजे कडांना सरळ तुटलेला, माथ्यावर सपाट असा एकांडा डोंगर. हा शब्द ज्याने निवडला त्याने आमचा प्रदेश निदान चित्रात तरी नीट पाहिला असणार. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागले की डावीकडे अंजनेरी आणि पुढे ब्रह्मगिरी दिसतात, ते हेच.

"यात आपण कोण?" मी विचारले.

"मौर्य. चंद्रगुप्त, अशोक नाहीतर चाणक्य, तिघांतला एक हीरो घ्यायचा."

"आणि सातवाहन?"

त्याने यादी वरखाली केली. अथेन्स, स्पार्टा, मॅसिडोनिया, रोम, कार्थेज, इराण, गॉल, ब्रिटन, कुश, अगदी चीनचे हानसुद्धा होते. सातवाहन नव्हते.

"नाहीयेत गं. पण गेम अजून पूर्ण झालेला नाही. येतील कधीतरी."

एकतीस वर्षे सहकारी बँकेत काढून मी निवृत्त झाले. संगणकावरचा पत्त्यांचा डाव सोडला तर कुठलाही गेम कधी खेळले नव्हते. पण नाशिकच्या माणसाला सह्याद्रीच्या नकाशात सातवाहन दिसू नयेत, हे मनाला लागले. मग गेल्या पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी भाचा शिकवायचा आणि मी हरायचे, असे सुरू झाले. त्याचा हा वृत्तान्त.

दोन सिंहस्थ उलटले तरी

गेमचे नाव 'झिरो ए.डी.' म्हणजे इसवी सन शून्य. असे वर्ष इतिहासात नाही. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते. ज्या वर्षी जगातल्या सगळ्या प्राचीन सत्ता आपापल्या ऐन भरात समोरासमोर येतील, असे एक काल्पनिक वर्ष बनवणाऱ्यांनी कल्पिले आणि त्याला हे नसलेले नाव दिले. मूळ आराखडा हजार वर्षांचा आहे. पहिला भाग इसवी सनापूर्वी ५०० ते १ असा, तर दुसरा तिथून इसवी सन ५०० पर्यंत. आज खेळता येतो तो पहिला भाग.

२००१ च्या सुमारास 'एज ऑफ एम्पायर्स'च्या काही चाहत्यांनी हे काम हाती घेतले. वाइल्डफायर गेम्स हे त्यांच्या गटाचे नाव. त्यामागे कंपनी नाही, पगार नाही. ज्याला जे येते ते त्याने करायचे. कोणी हत्तीचे चित्र काढतो, कोणी संगीत देतो, कोणी चुका शोधतो. २००९ मध्ये त्यांनी गेमचा सगळा कोड खुला केला. तो कोणीही फुकट घ्यावा, वाचावा, बदलावा. २०१० पासून 'अल्फा' म्हणजे कच्च्या आवृत्त्या येऊ लागल्या. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने त्यांना प्राचीन जगातली नावे दिली गेली, आणि त्यांत दहावी झेलम निघाली, सोळावी पतंजली. झेडपर्यंत पोहोचायला २०२२ उजाडले. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून पुन्हा 'ए'. तिचे नाव अग्नी. आम्ही खेळलो ती हीच. तेव्हा अठ्ठाविसावीची जुळवाजुळव चालू होती.

तोवर चोवीस वर्षे हा गेम 'येणार, येणार' होता. तेवढ्या काळात नाशिकला २००३ आणि २०१५ असे दोन सिंहस्थ होऊन गेले आणि तिसऱ्यासाठी रस्ते खणून झाले. मला या कच्चेपणाचे नवल वाटले. भाच्याला नाही. "अगं, पूर्ण झाला की कंपनीचा गेम होतो. हा आपला आहे," तो म्हणाला. हे वाक्य तेव्हा मी सोडून दिले. पुढे ते कामाला आले.

जुना भारत आता मोठ्या कंपन्यांच्या खेळांतही दिसतो. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये २०२२ साली द्रविड, बंगाली आणि गुर्जर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'सिव्हिलायझेशन ७'मध्ये प्राचीन युगात मौर्य आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, पण तो पुराणकथेतला साहसी खेळ. राज्य चालवायचा नव्हे. सातवाहनांच्या वाट्याला यांतले काहीच आलेले नाही.

बोरे, कोंबड्या आणि हत्ती

डाव सुरू होतो तेव्हा आपल्याकडे एक मध्यवर्ती वास्तू, थोड्या बायका, थोडे सैनिक आणि एक घोडेस्वार असतो. बायकांनी झुडपांवरची फळे तोडायची, घोडेस्वाराने कोंबड्या मारायच्या, सैनिकांनी लाकूड आणायचे. अन्न, लाकूड, दगड आणि धातू, या चार गोष्टींवर सगळा संसार. घर बांधले की माणसे वाढतात, माणसे वाढली की काम वाढते. गावाचे नगर होते, मग महानगर.

यातले एक मला फार आवडले. इथला सैनिक नुसता सैनिक नाही. तो लाकूड तोडतो, दगड फोडतो, घर बांधतो आणि हाक आली की भाला उचलतो. प्राचीन जगातली पुष्कळ सैन्ये अशीच होती. मौर्यांना वर कामाचा हत्ती मिळतो. जंगलाजवळ उभा केला की तोडलेले लाकूड तिथेच त्याच्यापाशी जमा. चालते-फिरते कोठारच.

पहिले पाच शनिवार मी हरले. समोर 'पेट्रा' नावाचा संगणकी शत्रू असतो. मी कोंबड्या मोजत बसायचे आणि तो दारात यायचा.

"मावशी, तू बचत करतेस. साठवून काय करणार? खर्च कर!"

बँकेतल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागले. पण त्याचे खरे होते. या खेळात साठवलेल्या धान्यावर व्याज मिळत नाही. बाजारात अन्न देऊन धातू घेता येतो, व्यापारी दोन बाजारांत फेऱ्या मारून कमाई आणतात. पण ठेव ठेवायची सोय कुठेही नाही. जे आहे ते फौजेत घालायचे किंवा गमवायचे.

आणि नेमकी ठेवच तर आमच्या डोंगरावर कोरलेली आहे.

तीन हजार कार्षापणांची पावती

पांडवलेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. लेणी चोवीस. ती पांडवांची नव्हेत, बौद्ध भिक्षूंची. सप्टेंबरमध्ये पाऊस उघडल्यावर भाच्याला वर नेले. सकाळी व्यायामाला येणाऱ्यांची पायऱ्यांवर गर्दी असते. बहुतेक जण वरून वारा खाऊन उतरतात. दहाव्या लेण्याच्या ओसरीत मान वर करून उभे राहणारे आम्ही दोघेच.

हे लेणे उषवदाताचे. तो क्षहरात राजा नहपानाचा जावई, दिनीकाचा मुलगा, जातीने शक. त्याची बायको दक्षमित्रा. राज्य करायला बाहेरून आलेली ही मंडळी. त्याचा लेख मी वा. वि. मिराशींच्या ग्रंथात आधी वाचला होता, पण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे पाहत त्याचा हिशेब मांडण्यात वेगळीच मजा आहे. मी भाच्याला तोंडी सांगितला.

उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले. ठेव गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एकीकडे दोन हजार, व्याज महिना शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायची नाही. फक्त व्याज वापरायचे. या प्रकाराला नाव अक्षयनीवी. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

"आता कर हिशेब."

"दोन हजारांवर एक टक्का... वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस." तो थांबला. "आणि वीस गुणिले बारा... दोनशे चाळीस! भारी!"

पै न् पै जुळते. एवढेच नव्हे, हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असेही लेख सांगतो. साक्ष झाली, नोंद झाली आणि वर दगडात पावती. मी आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्यांवर सह्या केल्या; एकीचेही आयुष्य एवढे नसेल.

माझ्या मनात घोळत होते ते ठेव ठेवणारा आणि ठेव घेणारा यांचे नाते. ठेवणारा राजाचा जावई, घेणारे मागावर बसणारे विणकर. म्हणजे राजाच्या घरापेक्षा श्रेणी जास्त टिकेल, असा हिशेब त्याने केला होता. तो बरोबरही ठरला. पुढे याच टेकडीवर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कुंभार, तेली अशा श्रेणींकडे पैसे ठेवले आहेत. मधल्या काळात क्षहरात गेले, सातवाहन गेले. गोवर्धनातला धंदा चालूच राहिला.

"आणि लढाया?" भाच्याने विचारले. त्याचे मन शेवटी तिथेच.

लढाईही आहे याच ओसरीत. मालवांनी उत्तमभद्रांना पावसाळ्यात वेढले होते. उषवदात त्यांना सोडवायला गेला आणि त्याच्या येण्याच्या आवाजानेच मालव पळाले. मग पुष्करला जाऊन त्याने स्नान केले, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिले. वाचताना पावसाळा हा शब्द मी अधोरेखित केला होता. आमच्या गेममध्ये पाऊस पडत नाही. शेत बारा महिने पिकते. शंभर लाकडे मोजली की शेत तयार, पाच माणसे त्यात उतरली की त्याच क्षणी धान्य.

पुढे सतराव्या लेण्यात भाचा ग्रीक शोधत आला होता, तो त्याला मिळाला. इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन. गेममध्ये ग्रीक म्हणजे लांब भाल्यांची चालून येणारी भिंत. नाशकातल्या ग्रीकाने लेणे खोदवले आणि पाण्याचे टाके बांधवले.

जे शेत नांगरले गेले नाही

नहपानाचे राज्य गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवले, हे तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री सांगते. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे दान दिले आणि मुलाचा गौरव कोरवला. त्याने क्षहरातांचा निर्वंश केला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. उषवदाताच्या विहारात सोळा खोल्या आहेत, आईच्या विहारात अठरा. हे योगायोगाने झाले असेल, असे मला तरी वाटत नाही.

पण याच तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, पूर्वेकडच्या भिंतीवर, गौतमीपुत्राचे स्वतःचे दोन हुकूम आहेत. त्यांच्यासाठी मी भाच्याला आणले होते.

पहिला त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला. राजा वैजयंती सेनेच्या विजयी छावणीत आहे. लढाई नुकतीच संपलेली. तिथून तो गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला कळवतो की, अपर कखडी गावातले उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. त्यात सरकारी माणसांनी शिरू नये, मीठ खणू नये, कोणी त्रास देऊ नये. शत्रूच्या जमिनीचे काय करायचे, हे विजेत्याने छावणीतूनच ठरवले.

इथपर्यंत गेमसारखेच. जिंकले, घेतले, वाटले.

दुसरा हुकूम सहा वर्षांनंतरचा, चोविसाव्या वर्षातला. गोवर्धनला आता अमात्य श्यामक आहे. हुकूम राजाचा आणि राजमातेचाही. त्यात म्हटले आहे की, कखडीचे जे शेत आम्ही दिले होते ते नांगरले जात नाही आणि गावही वसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवर आमच्या मालकीची जी जमीन आहे, तिच्यातली शंभर निवर्तने द्यावीत.

मी वाचून थांबले. भाचाही काही बोलला नाही. खाली महामार्गावरून ट्रक जात होते.

सम्राटाने शत्रूचे शेत जिंकले आणि दान दिले. सहा वर्षांनी त्याला दुरुस्तीपत्र काढावे लागले. कारण जमीन कागदावर हस्तांतरित झाली तरी नांगर धरायला माणूस लागतो आणि माणूस परत आला नव्हता. गाव का ओस पडले हे हुकूम सांगत नाही. पण विजयी राजाने आपला विजय कुठे तोकडा पडला ते स्वतःच्या नावाने भिंतीवर कोरवले, हे मला तीन समुद्रांच्या पाण्यापेक्षा मोठे वाटते. बँकेत आम्ही असल्या खात्यांना थकीत म्हणायचो आणि ती ताळेबंदात झाकायची कशी यावर बैठका व्हायच्या.

नहपानाच्या नाकावर डोंगर

दुसरा पुरावा धातूचा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यावर सातवाहनांचे तीन कमानींच्या डोंगराचे चिन्ह आणि उज्जयिनी चिन्ह. पुष्कळ नाण्यांवर डोंगराच्या खालून नहपानाचे नाक आणि गाल डोकावतात.

नाण्यांकडे असे निरखून पाहायची सवय मला अंजनेरीने लावली. तिथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या जाणकाराने ती उभी केली. त्र्यंबकला जाणाऱ्या नाशिककरांपैकी थोडेच तिथे थांबतात.

आईच्या लेखात निर्वंश आहे. मुलाच्या टांकसाळीत तसे झाले नाही. बाजारात जी चांदी लोकांच्या हाती होती ती त्याने गोळा करून वितळवली नाही, फक्त वर आपले नाव ठोकले. २०१६ ची नोटाबंदी मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहे. म्हणून या राजाच्या व्यवहारज्ञानाला मी हात जोडते. विणकरांकडे ठेव असेल, तेल्याकडे उधारी असेल. चांदीचे वजन तेच, नाव तेवढे नवे.

'झिरो ए.डी.'मध्ये याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. सैनिक शत्रूच्या इमारतीवर चालून गेले की ती न पाडता ताब्यात घेऊ शकतात. रंग बदलतो आणि तिथे आपली फौज तयार होऊ शकते. बहुतेक जुन्या खेळांत नुसती आग लागायची. हे त्याहून शहाणपणाचे. पण मुरलेले खेळाडू काय करतात? इमारत ताब्यात आली रे आली की डिलीटचे बटण दाबतात. पुन्हा शत्रूकडे जायला नको. भाचाही तेच करायचा.

"का?"

"सांभाळायला माणसं लागतात ना मावशी. तेवढी कुठून आणू?"

श्यामकालाही हेच लिहायचे असेल.

आमची कच्ची आवृत्ती

उतरताना भाचा गप्प होता. रात्री त्याचा फोन आला. "मावशी, ते कखडीचं शेत टाकू का गेममध्ये?"

तेव्हा त्याचे ते 'हा आपला आहे' मला उमगले. या गेमचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. कुठला माणूस कुठले काम किती वेगाने करतो, शेताला किती लाकूड लागते, सगळे आकडे उघडे. फाइलची नक्कल करायची, आकडा बदलायचा, त्याला म्हणतात मॉड. पुढच्या शनिवारी त्याने धान्य गोळा करण्याचा वेग मूळच्या एक पंचमांशावर आणला. पावसाळा नाही तर नाही, निदान शेत कष्टाचे तरी होऊ दे. नियम दोन्ही बाजूंना सारखा. मौर्य तो, समोर रोमन घेऊन पेट्रा. नकाशा अर्थातच सह्याद्रीचा.

त्याचा मित्रही बघायला आला होता. पहिल्या दहा मिनिटांत फळे संपली, कोंबड्या संपल्या. बायका शेतात, तरी अन्नाचा आकडा हलेना. मग भाच्याने सैनिक शेतात उतरवले. ते गेममध्येही शेतीत कच्चेच आहेत. हत्ती घ्यायला अन्न नाही. एरव्ही पंधराव्या मिनिटाला रोमन दारात असायचे. विसावे मिनिट झाले, कोणी नाही.

"हँग झाला का भो?" मित्राने विचारले.

भाच्याने पडद्यावरचे धुके उठवणारी युक्ती वापरून पलीकडे डोकावले. तिकडे तेच. रोमचे सैनिक भाले टाकून शेतात वाकले होते.

पस्तिसाव्या मिनिटाला एक छोटी तुकडी आली आणि पराभूत झाली. मग भाच्याने उरलेली माणसे घेऊन रोमनांच्या गावावर चाल केली. त्यांचे कोठार ताब्यात आले. सवयीने बोट डिलीटवर गेले. मी काही बोलले नाही. त्याने कोपऱ्यातला लाकडाचा आकडा पाहिला, नवे कोठार बांधायला काय पडेल ते मनात मोजले आणि बोट उचलले.

"राहू दे. परवडणार नाही पाडायला."

मित्र कंटाळून घरी गेला होता. खेळ म्हणून आमची आवृत्ती साफ फसली. ती कोणी डाउनलोड करणार नाही. भाच्याने तरी ती जपून ठेवली आहे आणि फोल्डरला नाव देताना मला फोन करून विचारले, कखडीतला 'ख' पहिला की दुसरा.